लाल पेनातून सुटलेला ‘नॉट’

रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही मोहल्ल्यात इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला काही ठरलेली कामं असतात. कुणाचा कतारहून आलेला करारनामा वाचून दाखवायचा, कुणाचा बोटीवरच्या नोकरीचा अर्ज लिहून द्यायचा, कुणाच्या पोराचा बायोडाटा नीट करायचा. मी मुंबईत बरीच वर्षं यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासण्याचं काम केलं. पंप, बॉयलर, झडपा, क्रेन असले विषय. इंजिनियर इंग्रजीत लिहायचे आणि मी त्यांची भाषा तपासायचो. आता आरे-वारेच्या बाजूला येऊन राहिलोय, तर हे काम घरपोच येतं. नमाज झाली की मशिदीच्या पायरीवरच कुणीतरी मोबाइल पुढे करतो, “जरा इंग्रजी बघून द्या.”

इंग्रजी बघून द्या म्हणजे नेमकं काय बघून द्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं की ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ कुठे घालायचे ते सांगा, क्रियापदाला ‘एस’ लागतो का ते बघा, आणि वाक्य जरा साहेबी करून द्या. आपल्याकडे इंग्रजीची चूक ही लाज वाटण्याची गोष्ट आहे. ती पकडणारा हुशार ठरतो आणि करणारा मान खाली घालतो. या लाजेपायी एक घोटाळा होतो. माणसाची अब्रू घालवणारी चूक आणि माणसाचा जीव घेणारी चूक, या दोन्हींना आपण एकाच लाल पेनाने एकसारखं गोल करतो.

कुराण पढायला शिकवणाऱ्या उस्तादांकडे या फरकासाठी दोन शब्द आहेत. तजवीदमध्ये, म्हणजे शुद्ध पठणाच्या शास्त्रात, चुकीला ‘लहन’ म्हणतात. एक ‘लहन-ए-जली’, म्हणजे ठळक चूक. अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर आलं, जबरची जेर झाली, आणि त्यामुळे शब्दाचा अर्थ बदलू शकतो. दुसरी ‘लहन-ए-खफी’, म्हणजे झाकलेली चूक. तिने पठणाचं सौंदर्य कमी होतं, पण शब्द जागच्या जागी राहतो. जाणते उस्ताद दोन्ही सुधारतात, पण कुठल्या चुकीला मुलाला लगेच थांबवायचं आणि कुठली नंतर हळूहळू घासून घ्यायची, हे त्यांना माहीत असतं. तांत्रिक इंग्रजी तपासणाऱ्याकडे हे भान असायला हवं. ते नसेल तर त्याचं व्याकरण कितीही पक्कं असो, उपयोग थोडा.

आधी निरुपद्रवी चुका बघू. ‘द पंप इज हॅविंग टू आउटलेट्स’ असं आपला माणूस लिहितो. इंग्रजीच्या वळणाने ते ‘हॅज’ हवं. ‘क्लोज व्हॉल्व्ह’ लिहून ‘द’ गाळतो. ‘डिस्कस अबाउट’ लिहितो. सुधारायला हरकत नाही, मीही सुधारतो. पण पंपाला दोनच तोंडं आहेत हे वाचणाऱ्याला कळलेलं असतं. ‘द’ नसला तरी झडप बंद होते, फक्त तिथे एकच झडप असली पाहिजे. दोन असतील तर ‘द’ घालूनही भागत नाही, कुठली ते नाव घालूनच सांगावं लागतं. ‘डू द नीडफुल’ची तर जगभर चेष्टा होते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या वाक्यात कुणी, काय आणि कधीपर्यंत करायचं यातलं काहीच नसतं. ते बदलून ‘प्लीज टेक नेसेसरी अ‍ॅक्शन’ केलं की इंग्रजी सुधारतं, पण काम कुणी करायचं ते अजूनही कळत नाही.

आता दुसऱ्या जातीची चूक. माझा एक भाचा आखातात एका कारखान्यात सुरक्षा विभागात मदतनीस आहे. गेल्या पावसाळ्यात तो रजेवर आला, तेव्हा टाकीची आतून सफाई करण्याच्या सूचनांचा मसुदा घेऊन आला. त्याने स्वतः लिहिलेला, वरिष्ठाने लाल करून परत पाठवलेला. त्याच्या बढतीचं काहीतरी या कागदावर अडलं होतं. “मामू, एवढं इंग्रजी सुधारून दे. पुन्हा लाल झालं तर माझं काही खरं नाही.”

मी कागद बघितला. चार पानांत ‘द’ आणि ‘अ’ मिळून पंचवीसेक ठिकाणी लाल गोल होते. एका ठिकाणी स्पेलिंगवरून टोमणा मारला होता. आणि तिसऱ्या पानावर, एकही लाल खूण नसलेलं एक वाक्य होतं: ‘अन्टिल ऑक्सिजन इज नॉट १९.५ पर्सेंट, डू नॉट एंटर द टँक.’

हे वाक्य मराठीत ऐका: जोपर्यंत प्राणवायू १९.५ टक्के होत नाही, तोपर्यंत टाकीत जाऊ नका. शंभर टक्के बरोबर. मराठीत ‘जोपर्यंत’बरोबर ‘नाही’ लागतंच, उर्दू-हिंदीतल्या ‘जब तक… न हो’चंही तसंच. पण इंग्रजी ‘अन्टिल’च्या पोटात तो नकार आधीच बसलेला आहे. वर आणखी एक ‘नॉट’ घातला की वाक्य उलटं फिरतं. इंग्रजीच्या हिशेबाने त्याचा अर्थ होतो, प्राणवायू १९.५ असेपर्यंत आत जाऊ नका, तो १९.५ राहिला नाही की जा. भाच्याला जे सांगायचं होतं त्याच्या नेमकं विरुद्ध.

साध्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या जरा खाली असतो. १९.५ च्या खाली गेला की बंद जागेत उतरणं धोक्याचं मानतात. बंद टाकीत माणूस कोसळतो तेव्हा बहुतेकदा त्याला काही कळायच्या आत कोसळतो, आणि मग त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. गटारात आणि जुन्या विहिरीत एकामागून एक माणसं गेल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोच आहोत. त्या टाकीशी उभी राहणारी माणसं केरळची, बिहारची, नेपाळची, बांगलादेशाची, फिलिपाइन्सची. त्यातला आपल्याकडचा माणूस हा ‘नॉट’ बरोबर समजेल, कारण त्याच्याही डोक्यात ‘जब तक न हो’ आहे. फिलिपिनो कदाचित जसं लिहिलंय तसं वाचेल. एकच कागद, एकच टाकी, दोन माणसं, दोन अर्थ. आणि तपासणाऱ्या साहेबाचं लाल पेन पंचवीस ‘द’ शोधत या वाक्यावरून सरळ पुढे गेलं.

मी नुसता ‘नॉट’ खोडला नाही. आधी भाच्याला विचारलं, “हा आकडा बघतात कशावर?” म्हणाला, मीटरवर. “मीटरचा आकडा वर गेला तर? २५ दाखवला तर जायचं?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “नाही, २३.५ च्या वरही जायचं नाही. प्राणवायू जास्त झाला की आग भडकते.” मग हे कागदात कुठे आहे? कुठेच नव्हतं. आम्ही त्या एका वाक्याची तीन केली. प्राणवायू मोजा. आकडा १९.५ पेक्षा कमी किंवा २३.५ पेक्षा जास्त असेल तर आत जाऊ नका. पर्यवेक्षकाला सांगा. इंग्रजीतही तीनच छोटी वाक्यं, ‘अन्टिल’ नाही आणि ‘अनलेस’ही नाही. हे करायला माझ्या व्याकरणापेक्षा त्याला माहीत असलेली टाकी जास्त कामाला आली. मी फक्त विचारत होतो.

आज कुणीही म्हणेल, यासाठी मामू कशाला, फोनमधलं अ‍ॅप इंग्रजी सुधारून देतं. देतं खरं. पण अ‍ॅपला वाक्य दिसतं, टाकी दिसत नाही. २३.५ चा आकडा राहून गेलाय हे न विचारता कळण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही. गुळगुळीत झालेल्या वाक्याचा आणखी एक धोका असतो. मोडक्या वाक्यापाशी वाचणारा अडखळतो, ‘याला काय म्हणायचंय?’ म्हणून दुसऱ्याला विचारतो. गुळगुळीत चुकीच्या वाक्यावर तो विश्वास ठेवतो.

मातृभाषेचं वळण परक्या भाषेत शिरतं हे काही आपल्याच पोरांचं होत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं मेली. डच विमानाच्या सहवैमानिकाने नियंत्रकाला कळवलं होतं की आम्ही आता ‘अ‍ॅट टेकऑफ’ आहोत. नियंत्रकाने घेतलेला अर्थ असा, की विमान उड्डाणाच्या जागी थांबलेलं आहे. प्रत्यक्षात ते धावू लागलं होतं. चालू असलेली क्रिया सांगण्याची डच भाषेची जी रचना आहे तीच त्या ‘अ‍ॅट’मध्ये उतरली असावी, असं काही भाषा-अभ्यासकांनी पुढे मांडलं. अपघाताला इतरही कारणं होती, पण त्यानंतर एक नियम झाला. ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. त्या एका शब्दाचं काम तेवढंच ठेवलं.

आपल्या देशातली गोष्ट १२ नोव्हेंबर १९९६ ची. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. सौदी विमान दिल्लीहून निघालं होतं आणि त्यात आखातात कामाला चाललेले कितीतरी जण होते. अशा विमानात आपल्या घरातलंही कुणी ना कुणी बसलेलं असतं, म्हणून ती बातमी कोकणातल्या घराघरांत घरचीच झाली होती. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते त्याच्या खाली उतरलं. त्या विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलण्याचं काम वैमानिकाकडे नव्हतं, वेगळ्या रेडिओ ऑपरेटरकडे होतं. चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने हा विषय हाती घेतला आणि मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणं करणाऱ्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना भाषेची ठरावीक पातळी आवश्यक झाली.

त्या पातळ्यांची मोजपट्टी मी मुद्दाम वाचली होती. एकूण सहा पातळ्या, त्यातली चौथी कामापुरती पुरेशी मानतात. चौथ्या पातळीवरचा माणूस व्याकरणात चुकू शकतो, अट एवढीच की त्या चुकीने अर्थ सहसा बिघडता कामा नये. त्याचे उच्चार त्याच्या मातृभाषेच्या वळणाचे असले तरी चालतात, ते समजण्याच्या आड फारसे येता कामा नयेत. इतका जीवघेणा धंदा, आणि तिथे साहेबासारखं बोला असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, समजेल असं बोला. आपल्या पोरांना मात्र आपण उलटं शिकवतो. ‘द’ चुकला म्हणून हसतो, आणि अर्थ उलटा झाला तरी वाक्य रुबाबदार असलं की पुढे जाऊ देतो.

समुद्रावरचा कारभारही याच वाटेने गेला. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांवर बोलायची ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यात ‘मे’, ‘माइट’, ‘शुड’, ‘कुड’ असले शब्द टाळायला सांगितलं आहे. कारण ‘मे’ म्हणजे परवानगी मागितली, की दिली, की नुसती शक्यता सांगितली? वाऱ्या-पावसात रेडिओवर खरखर चालू असताना तो उलगडा कोण करणार? म्हणून बोलण्याआधीच सांगायचं: प्रश्न, उत्तर, विनंती, माहिती, इशारा, सूचना, यातलं काय ते. आकडेही सुटे सुटे उच्चारायचे. दीडशे म्हणताना एक-पाच-शून्य. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चा घोळ नको.

आपल्या कोकणी मुसलमानांना हे नवीन वाटायला नको. रत्नागिरीच्या गावांतून पिढ्यानपिढ्या माणसं गोऱ्यांच्या बोटींवर गेली. सारंग, टंडेल, नाखवा ही आपल्याकडची आडनावं म्हणजे बोटीवरचे हुद्देच. त्यांना लिहिता-वाचता इंग्रजी येत नव्हतं आणि कप्तानाला त्यांची बोली येत नव्हती. मधली भाषा तयार झाली ती लष्करी, म्हणजे लश्करांची, खलाशांची. पोर्तुगीज, हिंदुस्तानी, फारसी, इंग्रजी, सगळ्यांचे शब्द तिच्यात. थॉमस रोबकने १८११ मध्ये कलकत्त्याला तिचा इंग्रजी-हिंदुस्तानी कोशच छापला, गोऱ्या अधिकाऱ्यांना हुकूम देता यावेत म्हणून. त्या भाषेतले दोन शब्द आजही क्रेनखाली ऐकू येतात, ‘हाबेस’ म्हणजे वर घे आणि ‘आर्या’ म्हणजे खाली सोड. शिकलेल्यांच्या नजरेत ही मोडकीतोडकी भाषा. पण तपासनीस म्हणून बघा. एका शब्दाला एकच काम. दोन्ही शब्दांचे आवाज इतके वेगळे की इंजिनाच्या धडधडाटातही एकाचा दुसरा ऐकू येणार नाही. डोक्यावर दोन टन लोखंड लटकत असताना ‘काइंडली लोअर द लोड’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आर्या’ ओरडणारा खलाशी चांगली तांत्रिक भाषा बोलत असतो.

ही जाण पुढे विमानाच्या कारखान्यांनी नियमांत बांधली. विमानांच्या दुरुस्ती-पुस्तिका जगभरचे मेकॅनिक वाचतात आणि त्यातल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. म्हणून १९८० च्या दशकात युरोपातल्या विमान उद्योगाने सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम तयार केले. काम सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागोमाग येणं, सूचना ‘पाळण्या’साठी ‘ओबे’ वापरा. शाळेत आपल्याला शिकवलं की तोच शब्द परत परत आला तर निबंध रटाळ होतो, वेगवेगळे शब्द वापरा. पुस्तिकेत हाच गुण घातक. पहिल्या पानावर ‘स्विच’, दुसऱ्यावर ‘बटन’, तिसऱ्यावर ‘कंट्रोल’ लिहिलं की मेकॅनिक तीन वस्तू शोधत बसतो.

शब्द निवडण्याचं सगळ्यात जुनं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरून रोज जातं. पेट्रोलच्या टँकरवर मागे लिहिलेलं असतं, ‘हायली इन्फ्लेमेबल’. म्हणजे चटकन पेट घेणारं. पण ‘इन’ लागला की अर्थ उलटा होतो हे इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने घोकलेलं असतं. मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं, असं कुणाला वाटलं तर त्याचं काय चुकलं? अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थेने १९२० च्या दशकातच सांगितलं की तो ‘इन’ काढा आणि ‘फ्लेमेबल’ लिहा. ‘इन्फ्लेमेबल’ जुना शब्द आहे, व्याकरणाने शुद्ध आहे, कोशात आहे. तरी तो काढायला सांगितला, कारण चुकीचं समजणारा एक जण पुरेसा असतो.

कधीकधी तर आपलीच भाषा इंग्रजीपेक्षा नेमकी निघते. ‘द व्हॉल्व्ह शुड बी क्लोज्ड’. हे वाक्य मी शेकडो पुस्तिकांत बघितलं. याचं मराठी काय कराल? ‘झडप बंद असावी’ की ‘झडप बंद करावी’? पहिल्यात झडप आधीच बंद आहे, तुम्ही बघून खात्री करायची. दुसऱ्यात ती उघडी आहे, तुम्ही हाताने फिरवायची. मराठीत लिहिणाऱ्याला यातलं एक निवडावंच लागतं, इंग्रजी त्याला न निवडता निसटू देते. त्यामुळे अशा वाक्यापाशी मी इंजिनियरला विचारायचो, “असावी की करावी?” आणि बऱ्याचदा तोही विचारात पडायचा. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या पोरांना मी हेच सांगतो. इंग्रजीत लिहिण्याआधी वाक्य आपल्या भाषेत करून बघा, त्यात लाज कसली? फक्त ‘जोपर्यंत’ आणि ‘जब तक’ इंग्रजीत नेताना सोबतचा ‘नाही’ इथेच ठेवून जा.

हे सगळं कारखान्यातलं आणि बोटीवरचं झालं. पण आरे-वारेला राहणाऱ्याला शब्दांची ही काळजी दारातच भेटते. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता इथे टेकडीवर चढतो, आणि वळणावरून खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. सुरूची बनं, पांढऱ्या फेसाची ओळ. गाड्या थांबतातच. माणसं खाली उतरतात, पाण्यात जातात. पावसाळ्यातही जातात, जेव्हा मासेमारी बंद असते आणि आपला खलाशीसुद्धा होडी वर ओढून बसलेला असतो. जुलै २०२५ मध्ये इथे एकमेकांच्या नात्यातली चार माणसं बुडून गेली. आजूबाजूच्या मोहल्ल्यांत त्या दिवशी चूल पेटवायचं कुणाच्या मनात नव्हतं. फलकावरचा शब्द बदलला असता तर ती वाचली असती असं म्हणण्याचा मला हक्क नाही आणि तसं मी म्हणतही नाही. पण त्यानंतर ओळखीच्या काही तरुणांनी पर्यटकांसाठी इशाऱ्याचा मजकूर तयार केला, ग्रामपंचायतीला द्यायला, आणि इंग्रजी बघून द्यायला माझ्याकडे आणला.

मजकूर असा होता, ‘डू नॉट गो इन्टू डीप वॉटर’. वर मराठीत, ‘खोल पाण्यात जाऊ नका’. देशभरच्या किनाऱ्यांवर साधारण हेच लिहिलेलं असतं. इंग्रजीत एकही चूक नाही. कुठलंही लाल पेन इथे थांबणार नाही.

घरी हे बोलणं चाललं होतं तेव्हा शेजारच्या चाची ओसरीवर बसल्या होत्या. ओहोटीला खडपांवरून कालवं काढण्यात त्यांची उमर गेली. त्यांना इंग्रजी येत नाही, वाचताही येत नाही. त्या म्हणाल्या, “खोल पाण्यात कोण जातो? सगळे गुडघाभरच पाण्यात जातात. तिथूनच ओढतं.”

चाचींनी बोट ठेवलं ती चूक व्याकरणाची नव्हती. गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाने ‘खोल पाण्यात जाऊ नका’ वाचलं तर तो निर्धास्त होतो, कारण तो खोल पाण्यात नाहीच. लाटा किनाऱ्यावर पाणी ढकलत राहतात, आणि ते पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात परत जातं. इंग्रजीत याला ‘रिप करंट’ म्हणतात. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. काही लोक याला ‘रिप टाइड’ म्हणतात, पण भरती-ओहोटी ही वेगळी गोष्ट. काही ‘अंडरटो’ म्हणतात, म्हणजे खाली खेचणारं पाणी. रिप माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. हा शब्दच्छल नाही. खाली खेचतंय असं वाटणारा माणूस घाबरून वर येण्यासाठी हातपाय मारतो आणि किनाऱ्याच्या दिशेने झुंजत दमतो. बाहेर नेतंय हे कळलेला माणूस अंगाला पाण्यावर सोडू शकतो, किनाऱ्याला समांतर सरकून त्या वाटेतून बाजूला होऊ शकतो. ही ओढ कधीकधी पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षाही वेगवान असते, हे मोजून झालेलं आहे.

पोरांनी मग विचारलं, ‘स्विमिंग अ‍ॅट युवर ओन रिस्क’ लिहावं का? मी नको म्हटलं. त्या वाक्यात पोहायला परवानगी आहे, फक्त नंतरची जबाबदारी झटकलेली आहे. तसं वाक्य फलक लावणाऱ्याच्या बचावाला बरं, वाचणाऱ्याच्या नाही. ‘काइंडली’ आणि ‘टुरिस्ट्स आर रिक्वेस्टेड’ही काढलं. विनंती म्हटलं की नाकारायची मुभा येते.

शेवटी मजकूर चार ओळींचा झाला, मराठीत आधी आणि इंग्रजीत मग. पावसाळ्यात पाण्यात उतरू नका. गुडघाभर पाण्यातूनही समुद्र ओढून नेतो. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगा, हात वर करा, बाजूला सरका. बुडणाऱ्यामागे उडी मारू नका, तरंगणारी वस्तू फेका आणि मदत बोलवा. इंग्रजीत ‘नी-डीप’ शब्दावर एका पोराने शंका काढली, “बरोबर आहे ना हा शब्द? साधा वाटतो.” साधाच आहे. गुडघा कुठे असतो हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि फलक वाचताना माणूस खाली आपल्या पायांकडे बघतो.